ऐटीची एसयूव्ही, रोजचा रस्ता : वाचकांचे प्रश्न

इंजिन जोरकस हवं, वळणावर गाडी लोळता कामा नये, आत बसायला ऐसपैस हवी, आणि तीच गाडी रोज कामाला न्यायची आहे. या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. ती देताना एक गोष्ट मनाशी धरली : अशी गाडी बहुतेक दिवस ताशी ६०च्या आतच चालते. म्हणून ती हळू चालताना कशी वागते, हे आधी पाहिलं आहे.

प्रश्न : रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर होतात. निम्मा रस्ता मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गर्दीचा, निम्मा मोकळा. घरात आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. नवी बीएमडब्ल्यू एक्स ३ एम ५०, मर्सिडीज-एएमजी जीएलसी ४३ आणि तीनेक वर्षं वापरलेली पेट्रोल पोर्शे मॅकान एस, या तिघींत अडकलो आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : तिन्ही गाड्या शून्यापासून १००चा वेग पाच सेकंदांच्या आत गाठतात, त्यामुळे माहितीपत्रकातला तो आकडा बाजूला ठेवा. तुमचा निकाल त्या गर्दीच्या निम्म्या रस्त्यावर लागणार आहे, आणि तिथं प्रश्न गिअरबॉक्सचा आहे.

एक्स ३मध्ये आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला बॉक्स आहे. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरला की तेलाच्या झोतानं दुसरा फिरू लागतो. गाडी ताशी ४-५ किलोमीटरनं सरकते तेव्हा सगळी घसरण त्या तेलात होते. घासून झिजेल असं तिथं काही नसतं. मॅकानच्या सात गिअरच्या पीडीके नावाच्या बॉक्समध्ये दोन क्लच आहेत. सरकताना त्यांच्या प्लेटा अर्धवट टेकलेल्या अवस्थेत घसरत राहतात. त्या तेलात बुडालेल्या असल्यानं लगेच जळत नाहीत. पण चढावर, उन्हात, अर्धा तास असंच चाललं तर तेल तापतं आणि गाडी निघताना झटके देऊ लागते. जीएलसी ४३चा नऊ गिअरचा बॉक्स या दोन्हींच्या मधला आहे. बाकी रचना नेहमीच्या ऑटोमॅटिकची, पण टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच.

क्लचवाली गाडी घेतलीत तर एक सवय लावून घ्यावी लागेल. ब्रेक सोडत-दाबत इंच-इंच पुढे जायचं नाही. पुढे एका गाडीएवढी जागा होऊ द्यायची, मग ब्रेक पूर्ण सोडून क्लच नीट लागेपर्यंत जायचं, आणि पुन्हा पूर्ण थांबायचं. गाडी पूर्ण थांबवून ब्रेक घट्ट दाबला की क्लच सुटतो. अर्धवट दाबलेला ब्रेक हाच त्याचा वैरी.

चाचणीच्या वेळी मोकळा रस्ता शोधू नका. गर्दीत जा, नाहीतर रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी ८ किलोमीटरपर्यंत जाऊन पाय उचला, हलकाच ब्रेक लावा, पूर्ण थांबण्याआधीच पुन्हा ॲक्सिलरेटर द्या. असं दहा वेळा करा. दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना धक्का बसतो का, ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग उसळी घेते का, हे पाहा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा. चालवणाऱ्याला न जाणवलेला झटका मागे बसलेल्याच्या मानेला कळतो.

इंजिनांत फरक पोताचा आहे. एक्स ३चं ३.० लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेतलं इंजिन मुळातच समतोल असतं. ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवरही गुरगुरत नाही. जीएलसी ४३मध्ये २.० लिटरचे चारच सिलिंडर आहेत. टर्बोच्या दांड्यावर ४८ व्होल्टची छोटी मोटर बसवल्यामुळे त्याला पिकअपसाठी थांबावं लागत नाही, आणि ४२१ अश्वशक्ती म्हणजे कमीही नाही. पण संथ चालताना चार सिलिंडरचा खरखरीतपणा कानाला कळतो. मॅकान एसचं २०२१च्या फेरबदलानंतरचं इंजिन २.९ लिटरचं, ३८० अश्वशक्तीचं व्ही ६ आहे. त्याआधीचं ३.० लिटरचं, ३५४ अश्वशक्तीचं होतं. दोन्ही उत्तम आहेत. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळणं ही गोष्ट या तिघींत मॅकानइतकी कुणीच देत नाही, आणि मागची जागा व डिकी सर्वांत लहानही तिचीच.

आमचं मत : एक्स ३ एम ५०, ॲडॅप्टिव्ह डॅम्परसह, म्हणजे कडकपणा आपोआप बदलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरसह. गर्दीचा रस्ता निम्म्याऐवजी पाव असता आणि मुलीसाठी मागे सीट बसवायची नसती, तर मॅकान सुचवली असती. पार्किंगची जागा फारच अडचणीची असेल तर जीएलसी ४३ एकदा वळवून पाहा. तिची मागची चाकंही थोडी वळतात.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, २१ इंची चाकांनी गाडी शोभते आणि पकडही वाढते. आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत. १९, २० की २१?

उत्तर : १९. आता कारण टायरवरच्या आकड्यांतून पाहू.

पहिल्या पिढीच्या मॅकानचे पुढचे टायर घ्या. १९ इंचाला २३५/५५, २० इंचाला २६५/४५, २१ इंचाला २६५/४०. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. गुणाकार केला की भिंतीची उंची मिळते : १२९, ११९ आणि १०६ मिलिमीटर. टायरचा एकूण व्यास तिन्हींत जवळपास सारखाच, सुमारे ७४५ मिलिमीटर. म्हणजे मोठं होतं ते रिम, आणि कमी होतं ते रबर आणि हवा. खड्ड्याचा मार झेलायला १२९च्या जागी १०६ मिलिमीटर उरतात.

पकडीबद्दल विक्रेता अर्धं खरं सांगतो. १९वरून २०वर जाताना रुंदी २३५वरून २६५ होते, तिथं कोरड्या रस्त्यावर पकड वाढते. २०वरून २१वर जाताना रुंदी तीच राहते. भिंत आखूड झाल्यानं स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित लवकर ऐकते, एवढाच फायदा. त्यासाठी रोजचे दणके कमरेनं खायचे का, हा प्रश्न आहे. दिसण्याचा आग्रह असेल तर २०वर थांबा.

खड्ड्यात नेमकं काय होतं तेही सांगतो. खड्ड्याची पुढची कड आणि रिमची कड या दोन जबड्यांमध्ये टायरची भिंत चिमटली जाते. आतले धागे तुटतात, रबर मात्र शाबूत राहतं. मग हवेच्या दाबानं तिथं अंड्याएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच. आणि फुगा बरेचदा आतल्या बाजूला येतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून मोठा दणका बसला की गाडी रॅम्पवर घेऊन चाक हातानं एक पूर्ण फेरा फिरवा आणि आतली भिंत व रिमची आतली कड बोटांनी चाचपा. रिम वाकली असेल तर हवा हळूहळू जाते, किंवा ताशी ९० ते ११०च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं.

हवा थंड टायरलाच मोजा, पंधरवड्यातून एकदा. दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर कमी भाराचे आणि पूर्ण भाराचे असे दोन आकडे असतात. पुष्कळ जण नकळत दुसरा वापरतात आणि मग गाडी कडक आहे म्हणून तक्रार करतात. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारनं उतरतो, तेव्हा हंगाम बदलताना मोजायला विसरू नका.

रन-फ्लॅट टायरबद्दल दोघांनी विचारलं आहे. पंक्चर झाल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येतं, हा त्यांचा गुण. त्यासाठी भिंत जाड आणि ताठ केलेली असते, त्यामुळे बारीक खाचखळगेसुद्धा आत पोचतात. साधे टायर घालायचे ठरवलंत तर डिकीत स्टेपनीसाठी जागा आहे का ते आधी पाहा. बहुतेक गाड्यांत नसते. मग हवेचा पंप आणि सीलंट बाळगावं लागतं. सीलंट तळाच्या छिद्राला चालतं, भिंत फाटली तर निरुपयोगी.

टायर बदलताना भिंतीवरची खूण पाहायला विसरू नका. पोर्शेसाठी एन आणि पुढे अंक, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. नाव आणि माप एकच असलं तरी खुणेचा टायर त्या गाडीच्या वजनाला आणि सस्पेन्शनला बेतून बनवलेला असतो. एक खुणेचा, एक बिनखुणेचा अशी जोडी लावू नका. आणि मॅकानसारख्या गाडीत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करता येत नाही. टायरच्या खर्चाचा हिशेब करताना हे धरून चाला.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं उड्या मारल्यासारखी घसरतात, खालून धडधड आवाज येतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, असं होतंच. खरं आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा खरं आहे, पण एक खात्री करून घ्या. गाडी वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण त्याचा गोल लहान असतो. वेगात वळणं नीट घ्यावीत म्हणून स्पोर्टी गाड्यांत पुढची चाकं एकमेकांना जास्त समांतर ठेवतात. पूर्ण वळवल्यावर मग एक टायर थोडा आडवा ओढला जातो. रबर मऊ असेल तर ते वाकून सहन करतं. उन्हाळी टायरचं रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होतं. ते वाकत नाही, अडतं आणि सुटतं, पुन्हा अडतं आणि सुटतं. तीच ती धडधड. हिवाळी किंवा बारमाही टायर घातले की बहुतेक जाते. तोवर स्टिअरिंग शेवटच्या टोकाला नेऊन थोडं मागे आणा. ओल्या जमिनीवर हेच वळण घेऊन पाहा. तिथं आवाज नाहीसा झाला तर दोष यंत्रात नाही.

हीच धडधड सरळ जाताना, हलका ॲक्सिलरेटर देऊन ताशी ३० ते ६०च्या दरम्यान येत असेल, तर मात्र ट्रान्सफर केस तपासायला सांगा. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा क्लच त्यात असतो. तेल जुनं झालं की त्याच्या प्लेटा अडखळतात. पुष्कळदा तेल बदलून भागतं, पण दुखणं अंगावर काढलं तर पूर्ण केस बदलावी लागते.

त्या क्लचला मारणारं सर्वांत साधं कारण म्हणजे कमी-जास्त झिजलेले टायर. हिशेब करून पाहा. ७४५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण २३४० मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ४२७ फेरे. मागचे दोन टायर नवे घातले आणि पुढचे ३ मिलिमीटर झिजलेले आहेत, तर पुढच्यांचा घेर १९ मिलिमीटरनं कमी. प्रत्येक किलोमीटरला पुढची चाकं साडेतीन फेरे जास्त फिरतात, आणि क्लच सरळ रस्त्यावरही तो फरक घासून पचवत बसतो. पंक्चरनं एकच टायर गेला तरी चौघांच्या खाचांची खोली मोजा. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

प्रश्न : रोजची फेरी फक्त ५ किलोमीटरची. ऑडी एसक्यू ५ डिझेल चालेल का? की हायब्रीड घ्यावी? जीएलसी ६३ एस ई परफॉर्मन्सही हायब्रीडच आहे म्हणतात.

उत्तर : एसक्यू ५चं डिझेल इंजिन लांबच्या प्रवासाला फार छान आहे, पण तुमच्या फेरीला नाही. धुराड्यातला फिल्टर काजळी साठवतो आणि ती जाळण्यासाठी त्याला सुमारे ६०० अंशांची उष्णता १०-२० मिनिटं सलग लागते. ५ किलोमीटरमध्ये इंजिन धड तापतही नाही. गाडी जाळायला सुरुवात करते, तुम्ही पोचून इंजिन बंद करता. दर वेळी त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, किंवा गाडी बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहिला आणि उग्र वास आला, की समजा हेच चाललं आहे. पेट्रोलमध्ये हा त्रास पुष्कळ कमी, तरी थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात छोट्या फेऱ्यांनी ऑइल पातळ होतंच. अशा वापरात पुस्तकातला लांबचा पल्ला विसरून दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदला.

हायब्रीड हा शब्द एकच, पण गाड्यांचे हेतू वेगळे असतात. जीएलसी ६३ एसची बॅटरी ६.१ किलोवॅट-तासांची, विजेवर पल्ला सुमारे १२ किलोमीटर. ती ताकदीसाठी आहे. इंजिन आणि विजेची मोटर मिळून ६८० अश्वशक्ती होते, आणि वजन २.३ टनांच्या पुढे जातं. याउलट बीएमडब्ल्यू एक्स ५ एक्सड्राइव्ह ५० ई किंवा २०२३नंतरची पोर्शे केयेन ई-हायब्रीड यांची बॅटरी २५ किलोवॅट-तासांच्या वर आहे. तुमची रोजची फेरी त्या कित्येक दिवस विजेवरच करतील. त्यातही एक सांभाळायचं : विजेवर चालताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलात, तर गार इंजिन एकदम सुरू होऊन थेट ३-४ हजार फेऱ्यांवर जातं. ऑइल सगळीकडे पोचायच्या आत असा भार घालणं इंजिनाच्या जिवावर येतं. जोरात चालवायचं असेल तर आधी इंजिन सुरू राहणारा मोड लावा आणि ऑइल तापू द्या.

चार्जिंग घरी होत असेल तर खरं उत्तर विजेची मॅकान. १०० किलोवॅट-तासांची बॅटरी तुमच्या फेरीला गरजेपेक्षा जास्तच आहे, पण काजळी, गार ऑइल, गिअरचे झटके हा विषयच संपतो. रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा. छोट्या फेऱ्यांत केबिन गरम किंवा गार करायला जाणारी वीज गाडी हलवायला लागणाऱ्या विजेच्या जवळपास जाऊ शकते. म्हणून गाडी प्लगवर असतानाच केबिनचं तापमान लावून ठेवा. घरी चार्जिंगची सोय नसेल तर मात्र पेट्रोल सहा सिलिंडर घ्या आणि आठवड्यातून एकदा तिला पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. स्पोर्ट सीटमध्ये तिला चढता-उतरता येईल का?

उत्तर : आईंना सोबत घेऊनच गाडी पाहा, आणि टेप न्या. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ती त्यांच्या मांडीच्या मध्याच्या आसपास आली तर सरकून बसता येतं. कमरेपर्यंत आली तर चढावं लागतं. त्याहून जास्त त्रास देतो तो सीटच्या कडेचा उंचवटा. वळणावर अंग धरून ठेवायला तो ताठ केलेला असतो, आणि उतरताना मांडीखाली रुततो. पुढे डावी-उजवीकडे वेगवेगळ्या सीट बहुधा मिळत नाहीत, तेव्हा साध्या, चपट्या कडेची सीटच निवडा. एअर सस्पेन्शन असेल तर उतरण्यासाठी गाडी खाली बसवता येते का ते विचारा. दाराखालचा उंबरा रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो; तोही मोजा.

प्रश्न : एम स्पोर्ट आणि एम ५० यांत फरक काय? आणि एक्स ३ एम?

उत्तर : एम स्पोर्ट, एस लाइन, एएमजी लाइन ही मुख्यतः पोशाखाची नावं : बंपर, चाकं, स्टिअरिंग, कधी थोडं ताठ सस्पेन्शन. इंजिन साधंच. एम ५०, एसक्यू ५, एएमजी ४३ यांत इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन खरोखर वेगळं असतं. २०१९ची एक्स ३ एम ही त्याच्याही पुढची, आणि रोजच्या वापराला आम्ही ती सुचवणार नाही. कम्फर्ट मोडमध्येही तिची चाल इतकी कडक आहे की खराब रस्त्यावर बोलणं तुटक होतं.

प्रश्न : २०१८ची केयेन, एअर सस्पेन्शनवाली, ८०,००० किलोमीटर झालेली पाहिली आहे. काय तपासू?

उत्तर : गाडी रात्रभर एका सपाट जागी उभी ठेवायला सांगा. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, सकाळी गाडी उघडण्याआधी पुन्हा मोजा. चारही कोपरे थोडे सारखेच उतरले तर चिंता नाही. एकच कोपरा १०-१५ मिलिमीटर बसला असेल तर तिथली हवेची पिशवी किंवा नळीचा जोड गळतो आहे. गाडी सर्वांत वर उचलून पिशवीच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. गळती राहिली की कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी जळतो. नुसता कॉम्प्रेसर बदलून गळती तशीच ठेवली, तर नवाही त्याच वाटेनं जातो. जुन्या गाडीच्या कागदपत्रांत कॉम्प्रेसर दोनदा बदललेला दिसला तर हे लक्षात घ्या.

त्याच सकाळी इंजिन तुमच्यासमोर, पूर्ण गार असताना सुरू व्हायला हवं. बॉनेटला हात लावून पाहा. ते आधीच कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या. पहिली ३० सेकंदं बाहेर उभं राहून ऐका. दोन-तीन सेकंदांपलीकडे साखळीसारखा खळखळाट राहिला, किंवा निळसर धूर आला, तर पुढचं तपासण्यात वेळ घालवू नका.

काचेचं छत उघडून त्याच्या पन्हळीच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता. काही क्षणांत ते गाडीखाली टपकलं पाहिजे. पानगळीच्या कचऱ्यानं नळी तुंबली असेल तर तेच पाणी आत गालिच्याखाली जातं, आणि तिथं तारांचे जोड आणि नियंत्रक असतात. पायपुसणी उचलून गालिचा मुठीनं दाबून पाहा.

गिअरबॉक्स आठ गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, गर्दीला चांगला. त्याचं तेल आयुष्यभर पुरतं असं ऐकवलं जाईल. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र आपल्या आठ गिअरच्या बॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, या टप्प्यावर तेल बदलायला सांगते. तुमच्या गाडीची वेळ आली आहे. या बॉक्सच्या खालच्या प्लॅस्टिकच्या भांड्यातच फिल्टर असतो, त्यामुळे भांडंच बदललं जातं. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच ठरवायची असते. गरम गाडीत अंदाजानं तेल ओतणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांपुढे जो कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. ३२२१ म्हणजे २०२१मधला बत्तिसावा आठवडा. चारही टायर एकाच नावाचे आणि खुणेचे असतील तर मालकानं गाडी जपली आहे. चार नावांचे चार टायर दिसले, तर वर सांगितलेल्या ट्रान्सफर केसकडे अधिक बारकाईनं पाहा. ब्रेकच्या डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते. कडेला नखाला लागेल एवढी धार आली असेल तर मापून घ्या. दोन टनांच्या गाडीत पॅड आणि डिस्क दोन्ही एकदमच बदलायची वेळ येते, आणि हा खर्च व्यवहारात धरायचा असतो.

प्रश्न : नवे पॅड आणि डिस्क घातल्यापासून ब्रेक हलके लावले की किंचाळतात, आणि चाकं दोन दिवसांत काळी होतात. पॅड खराब आहेत का?

उत्तर : काळी भुकटी ही या पॅडची प्रकृतीच आहे. वेगातून गाडी थांबवणारे पॅड डिस्कला जास्त चावतात, आणि चाकांवर बसते ती पॅडची आणि डिस्कच्या लोखंडाची भुकटी. पोर्शेच्या काही गाड्यांत टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेल्या डिस्क मिळतात. पॅड धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या कॅलिपरवरून त्या ओळखू येतात आणि त्यांत भुकटी फार कमी होते. आठवड्यातून एकदा चाकं धुवा. आम्लाचा क्लीनर वापरू नका, रिमचा रंग उडतो.

किंचाळण्याचं कारण बहुतेक वेळा पॅड नीट न बसणं हे असतं. पॅडमधला पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढायला हवा. गर्दीत हलक्या ब्रेकवर चालवत राहिलं तर तो ठिगळांसारखा चढतो, आणि पॅड त्यावरून थरथरत जातो. रहदारी नसलेला रस्ता निवडा, मागे कुणी नाही हे पाहा. ताशी ८०वरून ३०पर्यंत मध्यम जोरानं, एका दमात वेग उतरवा. पूर्ण थांबू नका, कारण तापलेला पॅड एका जागी टेकून राहिला की तिथं डाग पडतो. पुन्हा ८०पर्यंत जा, पुन्हा उतरवा. आठ ते दहा वेळा झालं की पाचेक किलोमीटर जमेल तितकं ब्रेक न लावता गाडी चालवा, आणि डिस्क गार होऊ द्या.